पोर्तुगालचा किनारा पहिल्यांदाच पाहायला निघालात? गावं, पुळणी आणि प्रवासाची आखणी

पोर्तुगालच्या किनाऱ्याच्या दोन बाजू आहेत आणि त्या स्वभावाने एकदम वेगळ्या आहेत. उत्तरेच्या सीमेपासून खाली साग्रेशच्या टोकापर्यंतचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. तो उघडा, वाऱ्याचा आणि थंड पाण्याचा. साग्रेशला वळसा घातला की स्पेनच्या हद्दीपर्यंत दक्षिणेकडे तोंड करून असलेला अल्गार्व लागतो. हा आडोशाचा, आणि पाणीही त्यातल्या त्यात कोमट. गावांची यादी करायला बसण्याआधी हा फरक डोक्यात बसवून घ्या. ‘युरोपात उन्हाळा आहे, म्हणजे समुद्रात मनसोक्त डुंबता येईल’ असं धरून ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या नाझारेला पोचलेली कुटुंबं गुडघाभर पाण्यातून कुडकुडत परत येतात.

याचं कारण वाऱ्यात आहे. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून जोराचा वारा वाहतो, त्याला तिथे ‘नोर्ताडा’ म्हणतात. तो पृष्ठभागावरचं तापलेलं पाणी आत समुद्रात लोटतो आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून भर ऑगस्टातही पेनिश-नाझारेच्या बाजूला पाणी १७-१८ अंशांच्या आसपास असतं. अल्गार्वला लागोसकडे २०-२१ आणि पूर्वेला ताविराकडे २२-२३ अंश मिळतात. कोकणातलं पाणी हिवाळ्यातही याहून उबदार असतं, तेव्हा ‘कोमट’ हा शब्द तिथल्या मापाने घ्यायचा.

पहिली पायरी: महिना ठरवा, त्यावरून किनारा

शाळेच्या सुट्ट्यांमुळे मराठी कुटुंबं बहुतेक मे महिन्यात किंवा दिवाळीत निघतात. मे महिना चालण्यासाठी उत्तम. कड्यांवर रानफुलं असतात, गर्दी नसते, दिवस मोठा असतो. पोहण्याच्या बाबतीत मात्र निराशा, कारण हिवाळ्यात गार झालेला समुद्र मेपर्यंत तापलेला नसतो. दिवाळीच्या सुमारास पाऊस सुरू झालेला असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या लाटांचा हंगाम उघडतो, म्हणजे पाण्यात उतरण्यापेक्षा पाहण्याचे दिवस.

निव्वळ समुद्रासाठी जायचं असेल आणि सुट्टीचं बंधन नसेल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे धरा. पाणी वर्षातलं सर्वांत उबदार, ऑगस्टची झुंबड ओसरलेली आणि खोल्यांचे दर उतरलेले. जूनचा पहिला पंधरवडाही चांगला. १ ते २० ऑगस्ट मात्र टाळाच. पोर्तुगीज कुटुंबं स्वतः याच दिवसांत किनाऱ्यावर असतात, १५ ऑगस्टला राष्ट्रीय सुट्टी असते, आणि अल्गार्वमध्ये गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मी सकाळ जाते.

दुसरी पायरी: मुक्कामाची दोनच गावं निवडा

दहा दिवसांत पोर्तू, नाझारे, लिस्बन, लागोस, अल्बुफेइरा आणि वर स्पेनमधलं सेव्हिल असे बेत सर्रास दिसतात. नकाशावर देश चिंचोळा दिसतो म्हणून हा मोह होतो. प्रत्यक्षात किनाऱ्याला समांतर अशी सलग रेल्वे नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातून दुसऱ्या गावात जायला अनेकदा आतल्या शहरात येऊन गाडी बदलावी लागते. शिवाय दर दोन दिवसांनी बॅगा भरणं आलंच.

वाहन न चालवणाऱ्यांसाठी पहिल्या खेपेची सरळ आखणी अशी: लिस्बन तीन रात्री, लागोस तीन, ताविरा तीन आणि परत लिस्बन एक. लागोस आणि ताविरा अल्गार्वच्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत, पण एकाला पिवळे कडे आणि गुहा लाभल्यात, तर दुसऱ्याला खाजण, मिठागरं आणि सपाट वाळूची बेटं. दोन्ही पाहिलं की अल्गार्व पाहिल्यासारखं होतं. लहान मुलं किंवा सत्तरीचे आई-बाबा बरोबर असतील तर लागोस दोन रात्रींवर आणा आणि ताविराला चार द्या. लागोसच्या सुंदर पुळणी कड्याखाली आहेत, तिथे उतरायला जिने आहेत, आणि तेच जिने उन्हातून चढून परत यायचं असतं.

अल्बुफेइराचं नाव प्रवास कंपन्यांच्या सहलींमध्ये सगळ्यात वर असतं. पुळण छान आहे, पण जुन्या गावाच्या गल्ल्या संध्याकाळी दारूच्या अड्ड्यांनी गजबजतात. २०२५पासून तिथे पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यावर फिरण्याला दंड आहे, यावरून वातावरणाची कल्पना यावी. कुटुंबासाठी आम्ही हे गाव सुचवणार नाही.

तिसरी पायरी: व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज व्हीएफएस ग्लोबल या कंपनीच्या केंद्रामार्फत करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी झालेला असावा लागतो. मे महिन्याच्या प्रवासासाठी मार्चमध्ये अर्ज देण्याची तारीख शोधायला लागलात तर तारीखच मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत कामाला लागा. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी लागू असलेला.

अर्ज अडकतो तो बहुधा विसंगतीमुळे. प्रवासाच्या तक्त्यात लागोसच्या तीन रात्री आणि आरक्षण दोनच रात्रींचं. विम्याची तारीख परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी संपणारी. पगार एका खात्यात आणि विवरणपत्र दुसऱ्याच खात्याचं. प्रत्येक रात्रीसमोर गाव, राहण्याची जागा आणि आरक्षण क्रमांक असा एक पानी तक्ता करा आणि बाकीची कागदपत्रं त्याच्याशी ताडून पाहा. स्पेन जोडणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असल्या तर आधी जिथे प्रवेश, तिथे.

चौथी पायरी: लिस्बनहून दक्षिणेला

मुंबईहून आखाती देशांतून, इस्तंबूलहून किंवा जर्मनीतून एक थांबा घेऊन लिस्बन गाठता येतं. विमानतळावरूनच मेट्रोची लाल मार्गिका सुटते आणि तिसरं स्थानक ओरिएंते. दक्षिणेकडच्या रेल्वेगाड्या तिथूनच मिळतात. तरीही विमानातून उतरून त्याच दिवशी अल्गार्वची गाडी धरण्याचा हट्ट नको. पासपोर्ट तपासणीची रांग कधी अर्ध्या तासात सरते, कधी दोन तास खाते.

रेल्वे कंपनी ‘सीपी’. तिच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर लांब पल्ल्याची तिकिटं साधारण ६० दिवस आधी खुली होतात. आधी घेतलेल्या तिकिटांवर चांगली सूट असते, पण ती तिकिटं बदलून मिळत नाहीत. ६५ वर्षांवरील प्रवाशांना निम्मं भाडं. त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवायचा, तपासनीस विचारतो. फारोपर्यंत सुमारे तीन तास. लागोसला जाणाऱ्यांनी त्याआधी टुनेश स्थानकावर उतरून छोटी गाडी पकडायची. टुनेश इतकं लहान आहे की आपलं जंक्शन आलं हे कळायच्या आत गाडी हलते, म्हणून बॅगा आधीच दारापाशी आणून ठेवा. ताविराला जाणाऱ्यांनी फारोला गाडी बदलायची.

अल्गार्वच्या रेल्वेची एक खोड लक्षात ठेवा: काही स्थानकं गावापासून लांब आहेत. अल्बुफेइराचं स्थानक फेरेइरासमध्ये, गावापासून सहा किलोमीटरवर. लोलेचंही तसंच. लागोसचं मात्र नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की गावात, आणि ताविराचं चालत पंधरा मिनिटांवर. मुक्कामासाठी ही दोन गावं सुचवण्यामागे हेही कारण आहे.

बस हवी असेल तर लिस्बनच्या सेते रियुश स्थानकावरून ‘रेदे एश्प्रेसोश’च्या गाड्या थेट लागोसला सुमारे चार तासांत पोचवतात. रेल्वेचे संप तिथे नवीन नाहीत, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ‘ग्रेव्ह’ म्हणजे संपाची सूचना आहे का हे बघा. संप दिसला तर लगेच बसचं तिकीट काढा. संपाच्या सकाळी बसही भरलेल्या असतात.

लागोस आणि पश्चिम अल्गार्व

गावाच्या दक्षिणेला पोंता दा पियेदादे. सोनेरी चुनखडीचे सुळके, कमानी आणि गुहा. वरून लाकडी पदपथाने फिरता येतं आणि खालून बोटीने. बोट छोटीच घ्या, कारण मोठी कॅटामरान गुहांच्या तोंडाशी थांबते. सकाळी नऊ-दहाची फेरी बरी. दुपारनंतर वारा उठतो, पाणी खवळतं आणि नावाडी आत शिरत नाही. फेरी तास-सव्वातासाची.

कामिलोची पुळण फोटोंतली सर्वांत प्रसिद्ध, सुमारे दोनशे पायऱ्या उतरून जावं लागतं. ती इतकीशी आहे की पूर्ण भरतीला बसायला जागाच उरत नाही. ओहोटीच्या दोन तास आधी पोचलात तर चार तास मिळतात. शेजारची दोना आना थोडी ऐसपैस. मुलांना पळायला हवं असेल तर स्थानकाच्या बाजूची मेया प्राया: जवळजवळ चार किलोमीटर सपाट वाळू, एकही पायरी नाही.

बेनाजिलच्या गुहेबद्दल जुनी माहिती अजूनही फिरते आहे. वर गोल भोक आणि आत वाळू असलेली ती गुहा. २०२४पासून तिथे आत वाळूवर उतरायला बंदी आहे, पोहत जायला बंदी आहे आणि कयाक मार्गदर्शकाशिवाय भाड्याने मिळत नाही. बोटीतून किंवा कयाकमधून पाहायचं आणि बाहेर पडायचं. एवढ्यासाठी लागोसहून लांबची बोट घेण्यापेक्षा मारिन्यापासून व्हाले सेंतियानेशपर्यंतची ‘सात लोंबत्या दऱ्यां’ची पायवाट चाला, एका बाजूने साधारण सहा किलोमीटर, बेनाजिलचं छतावरचं भोक वाटेतच कुंपणाआड दिसतं. सावली जवळपास नाही. माणशी दीड लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट. चप्पल घालून आलेले पर्यटक भुसभुशीत चुनखडीवर घसरताना रोज दिसतात.

लागोसहून बसने तासाभरात साग्रेश. तिथून सहा किलोमीटरवर काबू द साव व्हिसेंत, मुख्य भूमीवरच्या युरोपचं नैऋत्य टोक. सूर्यास्तासाठी गर्दी होते. जुलैतही वाऱ्याने दात वाजतात, विंडचीटर न्याच. मात्र शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवा, ती उन्हाळ्यातल्या सूर्यास्ताच्या बरीच आधी सुटते.

ताविरा आणि पूर्वेची बेटं

पूर्व अल्गार्व पहिल्या नजरेत भरत नाही. कडे नाहीत, गुहा नाहीत. गावासमोर समुद्रही नाही! समोर दिसतं ते रिया फोर्मोझा: सुमारे ६० किलोमीटर लांबीचं खाजण, १९८७पासून राखीव निसर्गोद्यान. त्याच्या पलीकडे वाळूच्या लांबोड्या बेटांची रांग आणि बेटांच्या पाठीमागे खरा समुद्र. म्हणजे पुळणीवर जायचं तर बोटीने पलीकडे. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला या सगळ्याची ओळख पटायला वेळ लागणार नाही.

ताविराहून बोट सुटते ती क्वात्रो आग्वाश धक्क्यावरून, गावापासून दोन किलोमीटर. उन्हाळ्यात गावातल्या नदीवरूनही बोटी असतात. बेटावर झाडी आहे, खाण्याच्या टपऱ्या आहेत, शौचालयं आहेत. पुळण इतकी लांब की दहा मिनिटं चाललं की गर्दी मागे पडते. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरल्याउतरल्या फलकावर पाहा. ती चुकली तर रात्री पाण्यावरची खासगी टॅक्सी करावी लागते आणि ती सांगेल तो भाव.

बारिलची पुळण वेगळीच. पेद्राश देल रेइ वस्तीजवळचा तरंगता पूल ओलांडायचा, मग किलोमीटरभर चालायचं किंवा छोट्या आगगाडीत बसायचं. पलीकडे वाळूत शेकडो गंजलेले नांगर ओळीने रोवलेले आहेत. ट्यूना पकडण्यासाठी अवाढव्य जाळी समुद्रात नांगरून ठेवत, त्या धंद्याचे हे अवशेष. विसाव्या शतकात ट्यूना येईनाशी झाली आणि कोळ्यांच्या घरांची आता उपाहारगृहं झाली.

शेजारचं सांता लुझिया ऑक्टोपस पकडणाऱ्यांचं गाव. धक्क्यावर ऑक्टोपस धरायची मातीची मडकी रचून ठेवलेली दिसतात. फुझेटा गाव ताविराहून रेल्वेने वीस मिनिटांवर. ओल्यांव गावच्या बाजारात शनिवारी सकाळी जा, मासळी आणि भाजीपाल्याच्या लाल विटांच्या दोन इमारती आणि बाहेर शेतकऱ्यांच्या पथाऱ्या. तिथूनच कुलात्रा बेटाची बोट मिळते. बेटावर मोटारी नाहीत, राहती कोळी वस्ती आहे. मिठागरांत सकाळी किंवा संध्याकाळी रोहित पक्षी दिसतात, दुर्बीण असेल तर न्या.

कासेला व्हेल्या म्हणजे टेकाडावरचं चर्च, किल्ला आणि पाच-पन्नास पांढरी घरं. ओहोटीला लोक खाडी चालत ओलांडून पलीकडच्या वाळूवर जातात. घोट्याइतकं असलेलं पाणी भरती लागली की छातीपर्यंत येतं आणि प्रवाहाला ओढ असते. ओहोटीच्या वेळेआधी जा आणि ती वेळ उलटली की लगेच परता.

गाडी चालवणार असाल तर अलेंतेजूचा किनारा

लिस्बन आणि अल्गार्वच्या मधला हा भाग आमच्या मते देशातला सगळ्यात देखणा किनारा. बसगाड्या मोजक्या, म्हणून गाडी हवीच. १९९५पासून तो निसर्गोद्यानात असल्यामुळे उंच हॉटेलं उभी राहिली नाहीत. सिनेश हे वास्को द गामाचं जन्मगाव. किल्ला पाहावा आणि तेलशुद्धीकरणाच्या धुराड्यांकडे पाठ करून पुढे निघावं. पोर्तू कोव्हू, मग व्हिला नोव्हा द मिलफोंतेश. मुक्काम इथे करा. मिरा नदीच्या मुखावर गाव आहे आणि नदीच्या आतल्या बाजूची फ्रांकियाची पुळण शांत, मुलांसाठी सोयीची. काबू सार्दांवला उभ्या कड्यांवर, खाली लाटा फुटत असताना, पांढरे करकोचे घरटी बांधतात. अल्गार्वच्या हद्दीवरच्या ओदेसैशला पुळणीच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. पोहता न येणाऱ्यांनी नदीत बसावं.

याच कड्यांवरून ‘कोळ्यांची वाट’ जाते, हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या खुणांची. पोर्तू कोव्हू ते मिलफोंतेश हा टप्पा २० किलोमीटर. सह्याद्रीत २० किलोमीटर सहज चालणाऱ्यांचाही इथे अंदाज चुकतो, कारण निम्मी वाट पाय रुतणाऱ्या वाळूतून आहे. सात तास धरा आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. जुलै-ऑगस्टमध्ये हा टप्पा नकोच.

गाडीसाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा. वाहतूक उजवीकडून. ऑटोमॅटिक गाडी कमी मिळते आणि महाग पडते, म्हणून दोन महिने आधी सांगून ठेवा. अनामत रक्कम चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डवरच अडवली जाते. पत्नीचं कार्ड आणि पतीचा परवाना अशा जोडीला काउंटरवरून परत पाठवतात. महामार्गांवरचे काही टोल फक्त इलेक्ट्रॉनिक आहेत, तेव्हा गाडीत ‘व्हिया व्हेर्दे’ यंत्र घ्या. अल्गार्वच्या ए-२२ महामार्गाचा टोल १ जानेवारी २०२५पासून रद्द झाला.

लिस्बनच्या मुक्कामात जमणारी गावं

कैश दू सोद्रे स्थानकातून चाळीस मिनिटांत कॅश्कैश, गाडी जवळजवळ पाण्याकाठून धावते. डावीकडची खिडकी धरा आणि खिसा सांभाळा. तिथून गिंशूची पुळण जवळ आहे, पण तिथला वारा वाळू अंगावर मारतो. पतंग-सर्फिंगवाल्यांना ती प्रिय, चादर पसरून बसणाऱ्यांना नव्हे.

सेतूबालच्या बाजूच्या अराबिदा डोंगराखालच्या पुळणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे नोर्ताडा तिथे पोचत नाही. पाणी नितळ आणि गार. उन्हाळ्यात पुळणींच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना निर्बंध असतात, सेतूबालहून बसने जा.

नाझारेला ऑक्टोबर ते मार्च या काळातच जायचं. किनाऱ्याजवळून सुरू होणारी समुद्रतळाची घळ सुमारे २३० किलोमीटर लांब आणि टोकाला पाच किलोमीटर खोल आहे. तिच्यातून वेगाने येणारी लाट शेजारच्या उथळ पाण्यातून येणाऱ्या लाटेवर चढते आणि प्राया दू नोर्ते या पुळणीवर पाण्याचा डोंगर उभा राहतो. २०२० साली तिथे स्वार झालेली लाट २६.२१ मीटर मोजली गेली. पण अशा लाटा रोज नसतात. हवामान खात्याचा लाटांचा अंदाज पाहून आदल्या दिवशी बसचं तिकीट काढा. किल्ल्याजवळून पाहा, वाळूवर उतरू नका. वर-खाली करायला १८८९पासूनची, दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे.

पेनिशहून बर्लेंगा बेटावर बोट जाते. बेटावरच्या माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे, प्रवेशपत्र ऑनलाइन काढावं लागतं. बोट अशी हलते की सकाळचा नाश्ता हलका ठेवलेला बरा आणि उलटीची गोळी अर्धा तास आधी.

पाण्यात उतरण्याआधी

हिरवा बावटा म्हणजे पोहा. पिवळा म्हणजे कमरेपर्यंत उभे राहा, पोहू नका. तांबडा म्हणजे पाण्यात पाऊलही नको. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा बावटा दिसला तर जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. हंगाम संपला की बावटाच नसतो, तेव्हा पुळण कितीही शांत दिसो, गुडघ्यापुढे जाऊ नका. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे थेट झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. मदतीचा क्रमांक ११२.

कड्याची सावली ही अल्गार्वची सर्वांत फसवी जागा. कडे भुसभुशीत आहेत आणि सूचना न देता ढासळतात. ऑगस्ट २००९मध्ये अल्बुफेइराजवळच्या मारिया लुइझा पुळणीवर असाच कडा कोसळून पाच जण दगावले. नियम सोपा आहे: कडा जितका उंच, त्याच्या दीडपट लांब बसायचं. वीस मीटरचा कडा तर तीस मीटर. पुळण तेवढी रुंद नसेल तर ती पुळण त्या दिवशी सोडा.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा, आपल्यासारखीच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला फरक तीन मीटरच्या वर जातो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला निम्म्याहून कमी. तक्त्यात ‘बैशामार’ म्हणजे ओहोटी आणि ‘प्रैयामार’ म्हणजे भरती. शेजारच्या पुळणीवर कड्याला वळसा घालून चालत गेलात तर परतीची वाट भरतीत बुडते, म्हणून ओहोटी सुरू असतानाच जा.

सुती कपड्यांनी समुद्रात उतरलात तर ओले कपडे आणि वारा मिळून पाच मिनिटांत हुडहुडी भरते. लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घ्या. मुलांना तासभर पाण्यात ठेवायचं असेल तर सर्फिंगच्या दुकानातून वेटसूट भाड्याने मिळतो.

जेवण आणि पैसे

मासे खाणाऱ्यांची चंगळ. जून ते सप्टेंबर निखाऱ्यावरच्या तारल्या, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या लसूण-कोथिंबिरीत, आणि अल्गार्वला तांब्याच्या झाकणबंद भांड्यात शिजवलेली ‘काताप्लाना’. ती दोघांसाठीच असते, एकट्याने मागवू नका. मासा किलोच्या भावाने लिहिलेला असेल तर शिजवण्याआधी वजन आणि रक्कम विचारा. न मागता टेबलावर येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. नको असेल तर हात न लावता परत करा, पैसे लागत नाहीत.

शाकाहाऱ्यांनी ‘सेंय कार्न, सेंय पैश’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं म्हणायला शिकावं, पण त्यावर विसंबू नये. ‘काल्दू व्हेर्द’ या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते, टोस्टमध्ये हॅम. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या; पिंगू दोस किंवा कोंतिनेंत या सुपरमार्केटांत तांदूळ, डबाबंद चणे, टोमॅटो, दही सगळं मिळतं. हळद-जिरं घरून न्या. लिस्बनमध्ये गोवेकरी खाणावळी आहेत, तिथे खतखतं मिळण्याची आशा ठेवू नका, पण शागुती मिळेल.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. लहान गावांतल्या काही खाणावळी फक्त पोर्तुगीज बँकांची कार्डं घेतात, म्हणून ५० युरो रोख खिशात असावेत. ते ‘मुल्तिबांको’च्या यंत्रातूनच काढा. पर्यटकांच्या गल्लीतली इतर यंत्रं जबर शुल्क लावतात. यंत्राने रुपयांत रक्कम दाखवून विचारलं तर नकार देऊन युरो निवडा. हॉटेलात माणशी रात्री साधारण १ ते ४ युरो पर्यटन कर वेगळा भरावा लागतो.

परतीची शेवटची रात्र लिस्बनमध्येच काढा, ताविराहून थेट विमानतळ गाठण्याचा बेत करू नका. विमान सकाळचं असेल तर तीन तास आधी पोचा, आणि चवीला मऊ असलेलं ‘फ्लोर द साल’ हे ताविराचं मीठ घेतलं असेल तर ते चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत पांढऱ्या पुडीची तपासणी होते आणि रांगेत उगाच वीस मिनिटं जातात.